मेट्रोपॉलिटनचा नाताळ गोठा आणि मोमाचे चित्रपटगृह

डिसेंबरात न्यूयॉर्क पाहायला येणाऱ्या आपल्या माणसांना आम्ही न्यू जर्सीत राहणारी मंडळी वर्षानुवर्षे एकाच ठरलेल्या वाटेने फिरवत आलो आहोत. रॉकफेलर सेंटरचे झाड, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या दुकानांच्या सजवलेल्या काचा आणि गर्दीत खूप वेळ उभे राहून काढलेला एक फोटो झाला, की नाताळ पाहून झाला असे आम्ही धरून चालतो. गेल्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून आली, तेव्हा मी ही वाट सोडली. एका शुक्रवारी सकाळी तिला आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन मी मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टमध्ये, म्हणजेच मेटमध्ये, गेले आणि संध्याकाळी म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे ज्याला येथे सगळे मोमा म्हणतात तेथे, चित्रपट पाहिला. या दोन्ही संस्थांत मी गेली काही वर्षे सुटीच्या दिवसांत जात आले आहे; परंतु एकाच दिवशी, तेही तीन पिढ्यांनी मिळून जाण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. त्यामुळे एरवी माझ्या नजरेतून सुटलेल्या कितीतरी गोष्टी या वेळी दिसल्या, आणि म्हणूनच हे परीक्षण लिहावेसे वाटले.

मेटच्या मुख्य दारातून आत आले, की मोठ्या दिवाणखान्यात ताज्या फुलांचे प्रचंड गुच्छ दिसतात. त्यांच्या समोरच्या भव्य जिन्याने वर न जाता, जिन्याच्या बाजूने सरळ आत चालत राहिले, तर आपण मध्ययुगीन शिल्पांच्या दालनात पोहोचतो. दालनाचा क्रमांक ३०५ आहे. बाहेरच्या हॉलमधला उजेड आणि गलबला मागे पडतो, प्रकाश मंद होत जातो, आणि दगडी मूर्तींच्या मधोमध एकदम ते झाड समोर येते. सुमारे २० फूट उंचीच्या ब्लू स्प्रूसच्या फांद्यांवर चमकते गोळे नाहीत, की रंगीत फिती नाहीत. तेथे आहेत अठराव्या शतकात नेपल्स शहरात घडवलेले देवदूत आणि बालदूत. ते टांगलेले वाटतच नाहीत, खाली उतरता उतरता क्षणभर हवेत थबकल्यासारखे दिसतात. त्यांची वस्त्रे वाऱ्याने फुगलेली, कुणाच्या हातात धूपपात्र, कुणाचा हात खाली निर्देश करणारा. त्या हाताच्या रोखाने नजर खाली आणली, की झाडाच्या बुंध्याशी मांडलेला ख्रिस्तजन्माचा देखावा दिसतो, ज्याला आपल्याकडे वसईचे ख्रिस्ती लोक नाताळ गोठा म्हणतात.

या मूर्तींची घडण समजून घेतल्याशिवाय त्या पाहण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे. कारण लांबून त्या नुसत्या सुंदर बाहुल्या वाटतात आणि माणसे दोन मिनिटांत पुढे जातात. प्रत्येक मूर्तीचे डोके व खांदे भाजलेल्या मातीचे असून त्यांवर अत्यंत बारकाईने रंगकाम केलेले आहे. शरीर मात्र तारेच्या सांगाड्यावर वाख गुंडाळून केलेले आहे, आणि त्यामुळेच ते हवे तसे वाकवता येते. जी मूर्ती एका वर्षी गुडघे टेकून बसली होती, ती पुढल्या वर्षी उभी राहून हात पुढे करू शकते. उंची वीतभरापासून हातभरापर्यंत. अंगावरचे रेशमी आणि जरीचे कपडे त्या काळच्या संग्राहक घराण्यांतील स्त्रियांनी स्वतः शिवलेले, आणि त्यांतले बरेचसे आजही मूळचेच आहेत. ज्युसेप्पे सानमार्तीनो याच्यासारख्या, संगमरवरात मोठी कामे करणाऱ्या नामवंत शिल्पकारांच्या हातच्या मानल्या गेलेल्या मूर्तीही यांत आहेत. म्हणजे ज्या हातांनी चर्चमधील पुतळे घडवले, त्याच हातांनी बोटभर रुंदीच्या चेहऱ्यांवरच्या सुरकुत्याही कोरल्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गळ्याच्या शिरा इतक्या खऱ्या आहेत, की आई बराच वेळ तेथून हललीच नाही.

ख्रिस्तजन्माचा देखावा मांडण्याच्या परंपरेची सुरुवात संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो या गावी केली असे मानले जाते. त्यांचा देखावा साधा होता, गवत आणि खरी जनावरे एवढाच. नेपल्समध्ये मात्र अठराव्या शतकात, बूर्बों घराण्यातील राजा चार्ल्स याच्या काळात, या परंपरेला वेगळेच भरते आले. राजवाड्यापासून सरदारांच्या हवेल्यांपर्यंत प्रत्येक घरात देखावा मांडला जाऊ लागला आणि त्याची एकमेकांत चढाओढ लागली. त्या देखाव्यात तीन प्रकारची माणसे असावीत असा संकेत रुजला: बाळाला वंदन करणारे मेंढपाळ आणि त्यांचे कळप, पूर्वेकडून आलेले तीन राजे आणि त्यांच्याबरोबरचा आशिया-आफ्रिकेतील लोकांचा लवाजमा, आणि गावातली सर्वसामान्य माणसे. मेटच्या देखाव्यात हे तिन्ही समूह आहेत, शिवाय मेंढ्या, शेळ्या, घोडे, एक उंट आणि एक हत्ती आहे. मागे पडझड झालेल्या रोमन मंदिराचे खांब, काही घरे, आणि सिंहमुखातून पाणी सोडणारे, इटलीत जागोजागी दिसते तसे कारंजे आहे. जन्म बेथलेहेममधला, पण त्याच्या भोवतीचे शहर मात्र नेपल्सच, आणि त्यातली माणसे शिल्पकारांनी आपल्याच गल्लीतली उचलली आहेत, हे ध्यानात आले की सगळा देखावा जिवंत होतो.

आईने तो पाहिला आणि ती चटकन म्हणाली, "अगं, हा तर आपला किल्लाच की!"

मला हे आजवर सुचले नव्हते, आणि सुचल्यावर मात्र दुसरे काही दिसेना. दिवाळीच्या सुटीत आमच्या वाड्याच्या अंगणात दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांचा किल्ला उभा राहायचा, त्यावर अळीव पेरले जायचे, आणि वसुबारसेच्या सुमारास कोवळी हिरवळ उगवली की कुंभाराकडून आणलेली चित्रे मांडायची. वर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, दारात तोफ. परंतु किल्ल्याच्या पायथ्याशी मात्र रोजचे गाव असायचे. पाणी भरणारी बाई, डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली, गवळी, विहीर, बैलगाडी, आणि हे सगळे ज्याच्या पंजात सहज मावेल असा गुहेतला एक वाघ. इतिहासातला तो मोठा क्षण आपल्या आळीतल्या माणसांच्या मध्ये आणून ठेवण्याची ही जी सहज बुद्धी आहे, तीच नेपल्सच्या त्या कारागिरांची होती. देव किंवा राजा एकटा कधीच नसतो. त्याच्या आजूबाजूला बाजार भरलेला असतो. मुलीला मी उंच धरले तेव्हा तिचेही लक्ष बाळाकडे न जाता आधी हत्तीकडे आणि मग एका कोपऱ्यातल्या शेळीकडे गेले, आणि मला वाटते या मांडणीचा हेतूही तोच असावा. पाहणाऱ्याने परिघावरच्या माणसांतून वाट काढत मध्यापर्यंत पोहोचायचे असते.

फरक आहे तो एवढाच, की आमचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ढासळून जायचा आणि चित्रे पुढल्या वर्षापर्यंत फुटून तरी जायची नाहीतर हरवून तरी. येथे मात्र अडीचशे वर्षांपूर्वीच्या मातीच्या मूर्ती दरवर्षी काढल्या जातात, मांडल्या जातात आणि परत ठेवल्या जातात, आणि ही मांडणी हेच या कार्यक्रमाचे खरे वैशिष्ट्य आहे. लॉरेट्टा हाइन्स हॉवर्ड या चित्रकार व संग्राहक बाईंनी १९२५ पासून या मूर्ती गोळा करायला सुरुवात केली. इटलीसारख्या कॅथलिक प्रदेशातला देखावा आणि उत्तर युरोपातील, मुख्यतः प्रॉटेस्टंट लोकांत रुजलेले नाताळचे झाड, या दोन वेगळ्या परंपरा एकत्र आणण्याची कल्पना त्यांचीच होती. मेटमध्ये हे झाड सर्वप्रथम १९५७ मध्ये उभे राहिले, आणि १९६४ पासून त्यांनी आपल्या संग्रहातल्या दोनशेहून अधिक मूर्ती टप्प्याटप्प्याने संग्रहालयाला देऊन टाकल्या. १९८२ मध्ये त्या वारल्यावर त्यांची मुलगी लिन हॉवर्ड ही मांडणी करत राहिली, आणि पुढे नातही त्या कामात आली. म्हणजे एका घराण्यातील तीन पिढ्यांच्या स्त्रियांनी दर नोव्हेंबरात शिडीवर चढून, एकेका देवदूताची दिशा ठरवून, हे झाड उभे केले. गौरी मांडणाऱ्या कोणत्याही घरातल्या बाईला हे काम काय असते ते समजावून सांगावे लागणार नाही. मुखवटा किंचित कलला तरी गौरीचा चेहरा बदलतो, आणि तो नीट बसवण्याची खूण सासूकडून सुनेकडेच जाते.

झाडाच्या पाठीमागे स्पेनमधील व्हायादोलिद येथील कॅथीड्रलची लोखंडी जाळी आहे. अठराव्या शतकातली, ५० फुटांहून उंच. ती १९५६ मध्ये संग्रहालयाला मिळाली, म्हणजे झाड येण्याच्या केवळ एक वर्ष आधी. आणि आज या दोन वस्तू एकमेकींसाठीच घडवल्या असाव्यात असे वाटते, कारण जाळीच्या काळ्या उभ्या गजांपुढे फांद्यांतले दिवे आणि देवदूतांचे फिकट चेहरे उठून दिसतात. दालनात मंद आवाजात नाताळची ध्वनिमुद्रित गीते चालू असतात. सुटीच्या काळात काही संध्याकाळी याच झाडासमोर गायनाचे प्रत्यक्ष कार्यक्रमही होतात, त्यांचे तिकीट वेगळे काढावे लागते आणि ते लवकर संपते. अशा एका कार्यक्रमाला मी पूर्वी गेले होते. दगडी भिंतींच्या त्या उंच दालनात वाद्याविना गायलेला एकच सूर किती वेळ टिकून राहतो, हे ऐकण्यासाठी तरी एकदा जावे असे मी मनापासून सांगेन.

काही व्यावहारिक गोष्टी येथेच सांगून टाकते. झाड साधारणपणे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात उभे राहते आणि ६ जानेवारीच्या, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या आसपास उतरते. मेट बुधवारी बंद असते, तसेच २५ डिसेंबर आणि १ जानेवारी या दिवशीही. त्यामुळे ऐन नाताळच्या दिवशी जाण्याचा बेत आखू नये. शुक्रवारी व शनिवारी ते रात्री ९ पर्यंत उघडे असते. शनिवार-रविवारच्या दुपारी मात्र या दालनात इतकी दाटी होते, की लहान मुलांना काहीही दिसत नाही. आठवड्यातल्या एखाद्या सकाळी दार उघडताच आत जाऊन प्रथम हेच दालन गाठणे सर्वांत चांगले. झाडाभोवती कठडा असतो आणि मूर्ती लहान आहेत, म्हणून घरात छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्यावी. आम्ही पक्षी पाहण्यासाठी घेतलेली दुर्बीण नेली होती, आणि तिच्यातून वरच्या फांद्यांवरचे बालदूत पाहताना माझ्या मुलीला जो आनंद झाला, तो मला खाली उभे राहून कितीही वर्णन करून देता आला नसता.

तिकिटाचा प्रश्न मात्र थोडा कठीण आहे. प्रौढांसाठी ३० डॉलर, ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी २२ डॉलर आणि १२ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य. न्यूयॉर्क राज्यातील रहिवासी, आणि न्यूयॉर्क, न्यू जर्सी व कनेक्टिकट येथील विद्यार्थी यांना इच्छेनुसार कितीही रक्कम देऊन आत जाता येते. २०१८ पर्यंत ही मुभा सर्वांनाच होती. नदीपलीकडे राहणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबाला, विशेषतः भारतातून आलेल्या चार-पाच पाहुण्यांसह जायचे असेल तर, हा खर्च जाणवण्याइतका आहे, आणि जी परंपरा मुळात सर्वांसाठी खुली होती ती अशी राज्याच्या सीमेवर थांबावी याचे मला वाईट वाटते. तरीही त्या तिकिटात संपूर्ण संग्रहालय पाहता येते, हे लक्षात घेऊन दिवसभराचा बेत करूनच जावे. ज्यांना गर्दी मुळीच सोसत नाही त्यांनी मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला, फोर्ट ट्रायन पार्कमध्ये असलेल्या मेटच्या क्लॉइस्टर्स या शाखेत जावे. तेथील मध्ययुगीन दगडी कमानींना डिसेंबरात आयव्हीची पाने, सफरचंदे, गुलाबाची फळे आणि हेझलनट यांनी सजवतात, आणि दाराला आंब्याचे तोरण बांधणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला त्या कमानींखाली लगेच आपलेसे वाटते.

मेटपासून मोमापर्यंतचे अंतर अडीच किलोमीटरच्या आत आहे. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून दक्षिणेकडे जाणाऱ्या बस आहेत. परंतु डिसेंबरातल्या रहदारीत त्या फार रेंगाळतात. थंडी सोसवत असेल तर सेंट्रल पार्कच्या कडेने चालत जावे. आईचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही बसनेच गेलो आणि पुरेसा वेळ हाताशी ठेवला.

मोमामध्ये झाड नाही, देखावा नाही, सणाची म्हणावी अशी सजावटही फारशी नाही. मग सुटीच्या दिवसांत तेथे का जावे, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर तळघरात आहे. ५३व्या रस्त्यावरची मोमाची इमारत १९३९ मध्ये बांधली गेली, तेव्हापासूनच तिच्या पोटात चित्रपटगृह आहे; म्हणजे चित्रपट हा येथे नंतर जोडलेला मनोरंजनाचा भाग नसून चित्र आणि शिल्प यांच्या बरोबरीने सांभाळायची कला म्हणून त्याला पहिल्यापासून जागा दिलेली आहे. १९३५ मध्ये येथे चित्रपट-ग्रंथालय स्थापन झाले आणि आयरिस बॅरी या इंग्रज समीक्षक बाई त्याच्या पहिल्या अभिरक्षक झाल्या. बोलपट येऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती, आणि मूकपटांच्या प्रती कुणालाही नकोशा झालेल्या होत्या. बॅरी बाई त्याच वर्षी हॉलिवूडला गेल्या, अभिनेत्री मेरी पिकफर्ड यांच्या घरी जमलेल्या निर्मात्या-कलावंतांपुढे त्यांनी जुने चित्रपट दाखवले, आणि तुमचे हे काम नष्ट होऊ द्यायचे नसेल तर ते आमच्या हवाली करा, अशी गळ घातली. आज मोमाच्या संग्रहात ३० हजारांहून अधिक चित्रपट आहेत, आणि पेनसिल्व्हेनियातील हॅम्लिन येथे १९९६ पासून त्यांच्यासाठी खास थंड व कोरडी साठवणगृहे आहेत.

आम्ही पाहिला तो एक विनोदी मूकपट होता, आणि पडद्याशेजारी बसून एक वादक प्रत्यक्ष पियानो वाजवत होता. भाषेची अडचण आईला येईल ही माझी काळजी होती, ती येथे आपोआपच मिटली. मधूनमधून येणाऱ्या पाट्या मुलगी तिच्या कानात मराठीत सांगत राहिली. या चित्रपटगृहात पॉपकॉर्न नसते, जाहिराती नसतात, आणि दिवे पूर्णपणे मालवले जातात. याचे महत्त्व मला आदल्याच महिन्यात कळले होते, जेव्हा एका नेहमीच्या चित्रपटगृहात एक जुना चित्रपट पाहायला आम्ही हौसेने गेलो आणि पडद्याच्या आकारात बसवण्यासाठी चित्राची वरची-खालची बाजू कापून दाखवल्यामुळे अर्ध्या दृश्यांत माणसांची कपाळेच दिसत नव्हती. मोमात मात्र चित्र ज्या प्रमाणात काढले त्याच प्रमाणात, ज्या वेगाने चालावे त्याच वेगाने दाखवले जाते. पूर्वीचे मूकपट आजच्या यंत्रावर सरसकट चालवले की माणसे तुरुतुरु धावू लागतात आणि सगळेच हास्यास्पद दिसते. योग्य वेग राखला की त्यांची चाल माणसासारखी होते आणि विनोदही चालीतून न येता प्रसंगातून येतो. त्या संध्याकाळी सभागृहातले शे-दोनशे अनोळखी लोक एकाच क्षणी हसले, आणि आईचे हसू त्यांत मिसळून गेले.

मध्यंतर नव्हते. बाहेर आल्यावर मी आईला सांगितले, की "पथेर पांचाली"चा जगातला पहिला खेळ याच संस्थेत झाला होता. तिला ते खरेच वाटेना. मोमाचे मन्रो व्हीलर भारतीय वस्त्रे आणि अलंकारकलेच्या प्रदर्शनाच्या तयारीसाठी १९५४ मध्ये कलकत्त्याला गेले असताना त्यांनी सत्यजित राय यांच्या अपुऱ्या चित्रपटातली काही छायाचित्रे पाहिली आणि तो प्रदर्शनाच्या वेळी दाखवण्याची इच्छा व्यक्त केली. पैशाअभावी अडलेले काम त्यानंतर घाईघाईने पुरे झाले, आणि ३ मे १९५५ रोजी, इंग्रजी उपशीर्षके नसलेली प्रत येथे दाखवली गेली. कलकत्त्यात तो चित्रपट लागला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. पुढे १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत रायांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. त्या फेकून दिल्या गेल्या नाहीत, हे आपले भाग्य. अमेरिकेतील, ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहागाराने ते जळके, ठिसूळ, एकमेकांना चिकटलेले तुकडे तसेच जपून ठेवले, आणि कितीतरी वर्षांनी इटलीतील बोलोन्या येथील तंत्रज्ञांनी ते ओलावा देऊन मऊ केले, हाताने फाटलेल्या कडा जोडल्या, छिद्रे नव्याने बसवली. "पथेर पांचाली"ची सुमारे ४० टक्के निगेटिव्ह अशा रीतीने परत वापरता आली. उरलेला भाग इतर चांगल्या प्रतींवरून घेतला गेला. ही नवी प्रत मे २०१५ मध्ये पुन्हा मोमातच दाखवण्यात आली, पहिल्या खेळाला ६० वर्षे झाल्यावर.

हे सांगताना मला आपल्याकडच्या चित्रपटांची आठवण येणे अटळ होते. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या "राजा हरिश्चंद्र"चा आज फक्त काही भाग उरलेला आहे. पहिला भारतीय बोलपट "आलम आरा" तर पूर्णपणे गेला आहे. पुण्यात २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मच्या कितीतरी रिळांचा कोळसा झाला. नायट्रेट फिल्म पेटली की ती स्वतःच प्राणवायू निर्माण करते, त्यामुळे पाण्यानेही विझत नाही; आणि तिच्या जागी आलेली अ‍ॅसिटेट फिल्म सहजासहजी पेटत नसली, तरी उष्ण व दमट हवेत तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो आणि ती आकसत, वाकत नष्ट होते. आपल्या हवेत चित्रपट जपणे हे म्हणूनच थंड प्रदेशापेक्षा कितीतरी खर्चिक आणि चिकाटीचे काम आहे. ते काम पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांच्यासारख्या माणसांनी आयुष्यभर केले म्हणूनच प्रभातचे चित्रपट आज आपल्याला पाहता येतात. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला "संत तुकाराम" अशा अंधाऱ्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर, चांगल्या प्रतीतून पाहण्याची माझी फार इच्छा आहे, आणि न्यूयॉर्क-न्यू जर्सी परिसरातल्या मराठी मंडळांनी अशी मागणी मोमाच्या चित्रपट विभागाकडे एकत्रितपणे करावी असे मला वाटते. नाटके आणि गाण्यांच्या कार्यक्रमांसाठी आपण जी धावपळ करतो, तिच्या एका अंशानेही हे होण्यासारखे आहे.

सुटीच्या दिवसांतला मोमाचा कार्यक्रम निवडताना एक गोष्ट जाणून घ्यावी. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात "कंटेंडर्स" या नावाने त्या वर्षातले महत्त्वाचे मानले गेलेले नवे चित्रपट दाखवले जातात, आणि काही खेळांनंतर दिग्दर्शक किंवा कलावंत प्रेक्षकांशी बोलतात. हे खेळ लोकप्रिय असतात, तिकिटे लवकर संपतात. पण त्यांतले बहुतेक चित्रपट लहान मुलांसाठी नसतात, आणि घरी पाहुणे असताना सगळ्यांनी मिळून जाण्याचेही नसतात. कुटुंबासह जाणाऱ्यांनी वेळापत्रकातले जुने चित्रपट, विशेषतः वाद्यसाथीचे मूकपट शोधावेत. नुसता चित्रपट पाहायचा असेल तर त्याचे स्वतंत्र तिकीट काढता येते आणि ते ३० डॉलरच्या प्रवेश-तिकिटापेक्षा बरेच स्वस्त पडते. संग्रहालयाची दालने पाहायची असतील तर १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. शुक्रवारी संध्याकाळी न्यूयॉर्क राज्यातील रहिवाशांना विनामूल्य प्रवेश असल्यामुळे वरच्या दालनांत फार गर्दी असते, पण तळघरातल्या सभागृहापर्यंत ती पोहोचत नाही. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी थोडे आधी पोहोचून कडेच्या खुर्च्या धराव्यात, कारण एकदा अंधार झाला की पायऱ्या चाचपडत उतराव्या लागतात.

या दोन्ही ठिकाणांपैकी एकच निवडायचे असेल, तर प्रथम येणाऱ्या पाहुण्यांसाठी मी मेटचे झाड निवडेन, आणि वर्षभर येथेच राहणाऱ्यांसाठी मोमाचा चित्रपट. झाड दरवर्षी येते. ठरावीक प्रतीचा ठरावीक खेळ मात्र पुन्हा कधी लागेल याचा नेम नसतो.

आई जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत जायची होती. निघण्याच्या दोन दिवस आधी तिने स्वतःहूनच विचारले, की ते झाड उतरवले का, आणि त्या मूर्ती कशात गुंडाळून ठेवत असतील. तिच्याकडे किल्ल्यावरची चार चित्रे अजून आहेत, हे मला तेव्हा कळले. एक मावळा, एक गवळण, विहीर आणि मान मोडलेला वाघ. ती त्यांना जुन्या नऊवारीच्या तुकड्यांत बांधून ट्रंकेत ठेवते. मी मात्र मोमाच्या जानेवारीतल्या चित्रपट-जतन महोत्सवाचे वेळापत्रक काढून बसले होते. नव्याने दुरुस्त केलेले जुने चित्रपट जगभरातून त्यासाठी येतात, सुट्या संपलेल्या असल्यामुळे गर्दी कमी असते, आणि न्यू जर्सीहून संध्याकाळच्या खेळाला जाऊन रात्रीच्या गाडीने परत येता येते.